टाकीतला हीटर वारंवार जळतो, ट्रिप मारतो किंवा टाकी तापतच नाही: काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

खालची आकडेमोड पावडर कोटिंगच्या सात टाक्यांच्या लाइनवरची आहे. टाकी डीग्रीझिंगची (तेल-ग्रीस धुण्याची) किंवा फॉस्फेटची (रंगाआधी फॉस्फेटचा थर चढवण्याची), ५०० लिटरची. हीटर काठावरून आत सोडलेला, ९ किलोवॅटचा, म्हणजे ३ किलोवॅटची तीन एलिमेंट (तापणाऱ्या नळ्या) स्टारमध्ये जोडलेली: प्रत्येकाचं एक टोक एकेका फेजला, दुसरी टोकं एकत्र. प्लेटिंगची टाकी किंवा गरम पाण्याची टाकी असली तरी क्रम हाच, फक्त आकडे बदलतात.

लक्षणं

तक्रार एकच असते, "हीटर गेला". पण त्यामागे पाच वेगळे आजार असतात. आधी आपला कुठला ते ठरवा.

– टाकी तापते पण फार वेळ लागतो. ५०० लिटर पाणी ३० वरून ६० अंशांवर न्यायला ९ किलोवॅटला दोन ते अडीच तास पुरतात. चार-पाच तास लागत असतील तर दोष आहे.
– ट्रिप मारतो. लगेच, की दहा-पंधरा मिनिटांनी, की फक्त सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी आणि पावसाळ्यात? या तिघांची कारणं वेगळी.
– तापमान सेटिंगच्या वर जातं, हीटर बंदच होत नाही.
– नवीन एलिमेंट टाकलं की चालतं, दोन-तीन महिन्यांत पुन्हा जातं.
– टाकीला, जॉबला (टाकीत बुडवलेल्या वस्तूला) किंवा द्रवाला हात लागला की झिणझिण्या येतात. असं असेल तर पुढचं वाचत बसू नका. मेन बंद करा, टाकीजवळून माणसं हटवा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

चौथं लक्षण सगळ्यात महाग पडतं, कारण तिथे आजार हीटरचा नसतोच. एलिमेंट हा बळी असतो. कारण न शोधता नवीन टाकलं तर तेही त्याच वाटेने जातं. म्हणून पहिली सूचना: जळालेलं एलिमेंट भंगारात देऊ नका. ते कुठे आणि कसं जळलं यावरून अर्धं निदान होतं. त्याबद्दल पुढे.

हात लावण्याआधी

पॅनलवरचा स्विच बंद करणं पुरेसं नाही. कंट्रोलर फक्त कॉन्टॅक्टर (हीटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) सोडतो, वरच्या बाजूला वीज असतेच. आयसोलेटर (मेन स्विच) किंवा एमसीबी पाडा, कुलूप लावा, पाटी लटकवा. मग टर्मिनलवर मीटर लावून वीज गेल्याची खात्री करा. तो मीटर आधी चालू लाइनवर दाखवतोय ना, हेही बघा. बंद पडलेला मीटरसुद्धा शून्यच दाखवतो.

१. द्रवाची पातळी: खर्च शून्य

एलिमेंटचा सगळा भाग तापत नाही. टर्मिनलजवळचा काही भाग मुद्दाम थंड ठेवलेला असतो आणि त्याच्या खाली तापणारा भाग सुरू होतो. द्रवाची पातळी या तापणाऱ्या भागाच्या किमान ५० ते ७५ मि.मी. वर हवी, तीही जॉब बाहेर काढल्यावर. इथेच चूक होते: भरलेलं जिग (जॉब टांगायचा सांगाडा) आत असताना पातळी बघतात. जिग वर आलं की पातळी उतरते आणि एलिमेंट उघडं पडतं.

पाणी उष्णता भराभर ओढून नेतं, हवा नेत नाही. उघडा पडलेला भाग काही मिनिटांत लाल होतो. टाकी पॉलिप्रॉपिलीनची किंवा एफआरपीची (फायबर ग्लास घातलेल्या प्लॅस्टिकची) असेल तर प्रकरण एलिमेंटवर थांबत नाही, टाकी पेट घेते. प्लॅस्टिकच्या टाकीत फ्लोट स्विच आणि वेगळा जास्त-तापमान कटऑफ नसेल तर ती टाकी रात्री कुणी नसताना चालू ठेवूच नये. यात तडजोड नाही.

या किमान पातळीवर टाकीच्या आतून ठळक रेघ मारा. दहा रुपयांचं काम आहे.

२. गाळ आणि क्षार: खर्च एका दुपारचा

फॉस्फेटच्या टाकीत तळाला चिखल साचणारच, ती प्रक्रियाच तशी आहे. एल आकाराच्या हीटरचा आडवा भाग या चिखलात रुतला की उष्णता बाहेर पडत नाही आणि नळी आतल्या आत भाजते. साध्या पाण्याला तळापासून ७५ मि.मी. अंतर पुरतं. फॉस्फेटला १५० ठेवा आणि गाळ त्याच्या खालीच राहील इतक्या वेळा काढा. नव्याने बसवत असाल तर फॉस्फेटला बाजूच्या भिंतीलगत उभं एलिमेंटच बरं.

क्षाराचा थर हा दुसरा शत्रू. बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट थंड पाण्यापेक्षा गरम पाण्यात कमी विरघळतो, म्हणून तो नेमका सगळ्यात गरम पृष्ठभागावर, म्हणजे एलिमेंटवर बसतो. फॉस्फेटचंही तेच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. "थर बसलाय म्हणून टाकी हळू तापते" असं सगळे म्हणतात. तसं होत नाही. एलिमेंट ३ किलोवॅट ओढत असेल तर ती उष्णता शेवटी द्रवातच जाते, थर असो वा नसो. फरक इतकाच की ती बाहेर ढकलायला एलिमेंटला आतून कितीतरी जास्त तापावं लागतं. थरामुळे टाकी थंड राहत नाही, एलिमेंट मरतं. टाकी हळू तापत असेल तर कारण दुसरीकडे शोधा (मुद्दा ४).

थर काढायला सल्फामिक अ‍ॅसिड वापरा. लिटरला ५० ते १०० ग्रॅम, कोमट पाण्यात, बुडबुडे थांबेपर्यंत, टर्मिनल बॉक्स पूर्ण बाहेर ठेवून. मग भरपूर धुवा. छिन्नीने खरवडू नका, नळीवरचा ओरखडा म्हणजे गंज चढायला जागा. शेजारच्या डीरस्टिंगच्या (गंज काढायच्या) टाकीत एलिमेंट बुडवायचा मोह होतो. त्या टाकीत हायड्रोक्लोरिक असेल तर तो मोह आवरा: क्लोराइड स्टेनलेस स्टीलला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतं. आणि प्लेटिंगवाल्यांसाठी एक सक्त सूचना: सायनाइडच्या टाकीतला हीटर अ‍ॅसिडमध्ये कधीही घालू नका. त्यातून हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि तो माणूस मारतो.

३. सेन्सर आणि कंट्रोलर: एक थर्मामीटर, एक मग

सेन्सर हुकावरून निसटून बाहेर लोंबकळत असेल तर तो खोलीचं तापमान दाखवतो आणि हीटर बंद व्हायचं नाव घेत नाही. आधी डोळ्यांनी बघा. मग सेन्सर उकळत्या पाण्याच्या मगात धरा. पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, किनाऱ्यावर १०० ला. दोन अंशांपेक्षा जास्त फरक आला तर सेन्सर किंवा त्याची वायर संशयित. सेन्सर पीटी-१०० (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा) असेल तर कंट्रोलरपासून सोडवून ओहम मोजा: शून्य अंशाला १००, ६० अंशाला सुमारे १२३.

सेन्सर एलिमेंटला चिकटून बसला तर उलटा घोळ होतो. त्याला गरम लागतं, तो हीटर तोडतो, आणि टाकी मात्र कोमटच. एलिमेंटपासून दूर, द्रव हलता राहील तिथे ठेवा.

आता कंट्रोलरचं सेटिंग शून्यावर आणा आणि क्लॅम्प मीटरने (वायरला बाहेरून पकडून करंट मोजणाऱ्या) करंट बघा. शून्य यायला हवा. येत नसेल तर सॉलिड स्टेट रिले (कॉन्टॅक्टरऐवजी वापरायचा इलेक्ट्रॉनिक स्विच) आतून शॉर्ट झालाय (तो बहुतेक वेळा असाच मरतो, उघडा पडून नाही) किंवा कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटलेत. म्हणूनच जास्त-तापमान कटऑफ वेगळ्या कॉन्टॅक्टरवर हवा, त्याच रिलेवर नको. कॉन्टॅक्टर वापरत असाल आणि पीआयडी कंट्रोलरचा सायकल टाइम (चालू-बंदच्या एका फेरीचा वेळ) दोन सेकंदांवर असेल तर पॉइंट काही आठवड्यांत जळतील. तो २० सेकंदांच्या वर न्या, नाहीतर सरळ ऑन-ऑफवर दोन अंशांचा फरक ठेवून चालवा. टाकीतलं पाणी इतक्या घाईने थंड होत नाही.

४. क्लॅम्प मीटर: पाच मिनिटांत सगळ्यात जास्त माहिती

हे काम चालू लाइनवर करायचं आहे, त्यामुळे इलेक्ट्रिशियननेच करावं. ३ किलोवॅट, २३० व्होल्टचं एलिमेंट १३ अँपिअर घेतं. तिन्ही फेजवर क्लॅम्प लावा आणि आकड्यांचा अर्थ असा लावा:

तिन्हीवर १३: हीटर पूर्ण ताकदीने चालू आहे. तरी टाकी हळू तापत असेल तर उष्णता पळतेय. एक मीटर बाय सत्तर सेंटिमीटरच्या उघड्या टाकीच्या पृष्ठभागावरून ६० अंशांना साधारण दोन किलोवॅट उडून जातात, ८० अंशांना पाचच्या पुढे. ब्लोअर टाकीच्या तोंडावरून हवा ओढत असेल तर त्याहूनही जास्त. झाकण करा, तरंगते प्लॅस्टिकचे गोळे टाका, बाजूंना इन्सुलेशन द्या. आणि हिशेब तपासा: लिटर गुणिले वाढवायचे अंश, भागिले ८६०, भागिले तास. आपल्या टाकीला दोन तासांत ६० गाठायचं तर ८.७ किलोवॅट येतात. त्यावर नुकसानीचे २०-२५ टक्के चढवले की ११ च्या आसपास. म्हणजे दोन तास हवेच असतील तर ९ चा हीटर मुळातच अपुरा, १२ चा हवा होता.

एकावर शून्य, दोनवर १३: न्यूट्रल जोडलेला आहे आणि एक एलिमेंट तुटलंय किंवा एक फेज गेलाय. ६ किलोवॅट मिळताहेत.

एकावर शून्य, दोनवर ११ च्या आसपास: न्यूट्रल नाही, उरलेली दोन एलिमेंट ४०० व्होल्टवर सिरीजमध्ये गेली आहेत. ९ चे साडेचार झाले. फेज गेलाय की एलिमेंट, हे टर्मिनलवर व्होल्टेज मोजून कळतं. व्होल्टेज येतंय पण करंट नाही, तर एलिमेंट. व्होल्टेजच नाही, तर फ्यूज, एमसीबी किंवा कॉन्टॅक्टरचा एक पोल.

तिन्हीवर ३९-४०: कुणीतरी टर्मिनलवरच्या पट्ट्या बदलून स्टारचा डेल्टा (प्रत्येक एलिमेंट दोन फेजच्या मधे) केला आहे. २३० व्होल्टचं एलिमेंट ४०० वर चालतंय, तिप्पट पॉवर घेतंय. ताबडतोब बंद करा.

तिन्ही आकडे वेगवेगळे: बहुधा एक एलिमेंट दुसऱ्याच वॅटचं आहे. बाजारात ३ चं मिळालं नाही म्हणून २ चं बसवलं, असं होतं. न्यूट्रल नसलेल्या स्टारमध्ये २ किलोवॅटच्या त्या एलिमेंटवर २३० ऐवजी जवळपास २६० व्होल्ट येतात आणि ते क्षमतेच्या सव्वापट तापतं. दोन महिन्यांनी तेच जातं आणि दोष कंपनीला मिळतो.

व्होल्टेजही नोंदवा, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. लोड उतरल्यावर २५० व्होल्ट येत असतील तर पॉवर १८ टक्क्यांनी वाढते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे चालते.

५. टर्मिनल बॉक्स

इथून पुढे सगळं वीज बंद करून, कुलूप लावून. झाकण उघडा. आत ओल, पांढरी-हिरवी बुरशी, काळा पडलेला लग (वायरच्या टोकाची धातूची पट्टी) दिसतोय का? सैल नट स्वतः तापतो, तापला की आणखी सैल होतो. अशा वेळी एलिमेंट ठीक असतं, जळतो तो फक्त जोड, आणि तरीही अख्खा हीटर बदलला जातो.

नट आवळताना दोन पाने वापरा, एकाने खालचा नट धरा. नाहीतर पिन फिरते, तळाचं सील फुटतं आणि पुढच्या पावसाळ्यात आत ओल शिरते. बॉक्सच्या आत साधी पीव्हीसी वायर नको, तिची मर्यादा ७० अंश. सिलिकॉन किंवा फायबर ग्लासची वायर घ्या. ग्लँड (केबल आत शिरते तिथलं सील) बंद आहे का, आणि केबल खालून वर बॉक्समध्ये येते की वरून उतरते, तेही बघा. वरून येणाऱ्या केबलवरून वाफेचं पाणी थेट आत उतरतं.

६. ओहम

वायरी आणि पट्ट्या सोडवून प्रत्येक एलिमेंट वेगळं मोजा. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट: ३ किलोवॅटला १७.६ ओहम, २ ला २६.५, १ ला ५३. नायक्रोम तारेचा रोध गरम झाल्यावर जेमतेम काही टक्के वाढतो, म्हणून थंड अवस्थेतलं मापही चालतं. १६.५ ते १९.५ आलं तर ठीक. अनंत आलं तर तार तुटली.

७. मेगर

ट्रिप मारणाऱ्या हीटरची खरी परीक्षा ही. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजणारा मीटर), एक टोक पिनवर, दुसरं नळीवर. कंट्रोलर आणि रिले सोडवलेले असल्याची खात्री करा, मेगरचे ५०० व्होल्ट त्यांना सोसत नाहीत.

एलिमेंटच्या आत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती उष्णता वाहते, वीज अडवते, पण हवेतली ओल मिठासारखी शोषते. चिपळूण-महाडकडे जूनमध्ये दोन आठवडे बंद राहिलेला हीटर पहिल्याच दिवशी ट्रिप मारतो, तो या ओलीमुळे. पुरेसा कोरडा हीटर दहा-वीस मेगओहमच्या पुढे दाखवतो. १ मेगओहमच्या खाली गेला तर जोडू नका, वाळवा.

पावडर कोटिंगवाल्यांकडे ओव्हन असतोच. १२० अंशांवर चार ते सहा तास. जॉबबरोबर १८०-२०० अंशांत मात्र टांगू नका, टोकाचं सील टिकत नाही. थंड झाल्यावर लगेच मेगर करा, आकडा वर आला असेल तर सील नीट करून बसवा. उघडा ठेवला तर थंड होता होता पुन्हा ओल ओढतो. वाळवूनही आकडा वर येत नसेल तर नळीला भोक आहे. असं एलिमेंट दुरुस्त होत नाही. वरून वेल्डिंग करून देणारे भेटतात, पण आतली पूड आधीच रसायनाने भिजलेली असते.

थंड असताना मेगर चांगला आणि पंधरा मिनिटांनी ट्रिप, असं असेल तर ट्रिप झाल्या झाल्या, गरम असतानाच मेगर करा. बारीक चीर गरम झाल्यावर उघडते. आणि मेगर सगळीकडे स्वच्छ असूनही आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) पडत असेल तर न्यूट्रल तपासा. हीटरचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटला जोडला गेला असेल तर गळती नसतानाही ती पडते. "सारखी पडते" म्हणून आरसीसीबी बायपास करणं हा उपाय नाही, तो गुन्हा समजा.

८. मेलेलं एलिमेंट वाचा

आता ते जपून ठेवलेलं एलिमेंट धुऊन उजेडात धरा.

वरचा भाग निळा-काळा पडलाय, खालचा स्वच्छ: पातळी उतरली होती. फक्त खालचा वाक फुगलाय, त्यावर राखाडी कवच: गाळात रुतलं होतं. पूर्ण लांबीवर जाड थर आणि मधेच नळी फाटलेली: थर, किंवा त्या द्रवाला न झेपणारी वॅट डेन्सिटी. नळी चकचकीत पण जागोजागी टाचणीएवढी भोकं: क्लोराइड, म्हणजे धातूची निवड चुकली. द्रवाच्या रेषेवर गोल कंगोरा खाल्लेला: द्रव आणि हवा यांच्या सीमेवरचा गंज, तिथे टेफ्लॉनची बाही घालतात. एकाच बाजूने खाल्लेलं, आणि ती बाजू जॉबकडे: प्लेटिंगचा डीसी करंट नळीतून वाट काढतोय, हीटर अ‍ॅनोड आणि जॉब यांच्या मधून काढून अ‍ॅनोडच्या मागे न्या. एखाद्या जागी खोक: जिग आपटलं, हीटरपुढे छिद्रांची जाळी लावा. बाहेरून सगळं निर्दोष पण तार तुटलेली: व्होल्टेज आणि स्टार-डेल्टा पुन्हा तपासा.

९. मुळातच चुकीचा हीटर असेल तर

वॅट डेन्सिटी म्हणजे नळीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे किती वॅट. स्वच्छ पाण्याला ८ पर्यंत चालते. अल्कलीच्या डीग्रीझिंगला ३ ते ४, फॉस्फेटला २ ते २.५, पातळ तेलाला २ ते ३, जाड तेलाला १ च्या आसपास, टेफ्लॉनच्या हीटरलाही १ ते १.५. आपलं १२ मि.मी. व्यासाचं, दीड मीटर तापणारी लांबी असलेलं ३ किलोवॅटचं एलिमेंट घ्या: पृष्ठभाग ५६५ चौ. सें.मी., डेन्सिटी ५.३. पाण्यात ते वर्षानुवर्षं चालेल, फॉस्फेटमध्ये चार महिनेही नाही. त्याच ३ किलोवॅटला फॉस्फेटसाठी सव्वातीन मीटर लांबी लागेल. दुकानदार "९ किलोवॅट हवा ना?" एवढंच विचारतो आणि पाण्याचा हीटर देतो. दोष तिथे सुरू होतो.

सोपी पळवाट म्हणजे ४१५ व्होल्टची एलिमेंट घेऊन स्टारमध्ये जोडायची. प्रत्येक एक तृतीयांश पॉवरवर चालतं, डेन्सिटीही तितकीच उतरते. मात्र तेवढ्याच किलोवॅटसाठी तिप्पट एलिमेंट लागतात, आणि बॉक्सवर ही जोडणी ठळक लिहून ठेवावी लागते.

नळीचा धातू: डीग्रीझिंग आणि फॉस्फेटला ३१६ स्टेनलेस. निकेलच्या टाकीत क्लोराइड असतं, तिथे टायटॅनियम, क्वार्ट्झ किंवा टेफ्लॉन. हायड्रोक्लोरिकला टेफ्लॉन, टायटॅनियम नको. द्रवात फ्लोराइड असेल तर टायटॅनियम आणि क्वार्ट्झ दोन्ही नकोत. क्वार्ट्झ तीव्र गरम अल्कलीतही टिकत नाही.

इथे थांबा आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराला बोलवा

– झिणझिण्या येत असतील तर. अर्थिंग तुटलेलं असण्याची शक्यता मोठी आहे आणि ते शोधणं हे अंदाजाने करायचं काम नाही. अर्थ टेस्टर लागतो.
– तिन्ही एलिमेंट सोडवूनही आरसीसीबी किंवा एमसीबी पडत असेल तर. दोष केबलमध्ये किंवा पॅनलमध्ये आहे.
– पॅनलमध्ये कॉन्टॅक्टर, बसबार किंवा न्यूट्रल लिंक काळी पडली असेल तर.
– डेल्टात चाललेला हीटर सापडला तर. एलिमेंट बदलून भागत नाही, तिप्पट करंट सोसलेली केबल आणि स्विचगिअरही तपासून घ्यावं लागतं.
– शेजारी थिनर, सॉल्व्हंट किंवा पेटणारी वाफ असेल तर. तिथे फ्लेमप्रूफ टर्मिनल बॉक्स लागतो आणि त्याचा एकही बोल्ट कमी राहिला तरी तो फ्लेमप्रूफ राहत नाही.
– टाकीचं लायनिंग हीटरजवळ फुगलं, करपलं किंवा पाझरू लागलं तर. हे काम टाकी बनवणाऱ्याचं. रसायन उपसल्याशिवाय आणि टाकी धुतल्याशिवाय आत कुणी उतरायचं नाही.
– टेफ्लॉनचा हीटर कोरडा तापून धूर सोडत असेल तर. लांबून मेन पाडा, शेड रिकामी करा, हवा खेळू द्या. तो धूर विषारी असतो. श्वास घ्यायला त्रास झाला, ताप किंवा थंडी वाजून आली, अगदी काही तासांनी आली तरी, डॉक्टरला "टेफ्लॉनचा धूर" हे शब्द सांगा.